जुनी मोटारसायकल घेताना : आधी ब्रेक, मग रंग

या महिन्याचा विषय आमच्याच घरातला आहे. आमचा पुतण्या चाकणला नोकरीला लागून दोन वर्षे झाली. दर पंधरा दिवसांनी तो चिपळूणला घरी येतो. एसटीत अख्खी रात्र जाते, सोमवारी कामावर झोप येते. म्हणून त्याने ठरवले की लांबच्या प्रवासाला धावेल अशी मोटारसायकल घ्यायची. नव्या गाडीची किंमत परवडत नाही, व्याजाचे कर्ज काढायचे नाही, तेव्हा जमवलेल्या पैशांत वापरलेली घ्यायची. हिशेब सरळ होता. अडचण एकच होती, आमच्या भाभी.

भाभींचे म्हणणे चुकीचे नव्हते. सोळा वर्षांपूर्वी भाईजान पावसात कुंभार्ली घाट उतरत होते. वळणावर समोर ट्रक आला, त्यांनी पाय दाबला, मागचे चाक अडकले आणि गाडी आडवी झाली. जीव वाचला, पण उजवा पाय अजून ओढत चालतात. भाईजानना गाडी शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील." त्यांनी तो सल्ला आयुष्यभर पाळला आणि त्याची किंमत मोजली. आता त्याच घाटातून मुलगा जाणार म्हटल्यावर आईला झोप कशी लागावी?

"चाचू, तुम्हीच अम्मीला समजवा," असे पुतण्या म्हणाला. आम्ही म्हटले, समजावू, पण आधी आपण समजून घेऊ.

त्याच्या मनात भरली होती होंडाची सीबीआर 250 आर. ही गाडी आपल्याकडे 2011 मध्ये आली. एक सिलिंडर, सुमारे 250 सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, तेरा लिटरची टाकी. हँडल फार खाली वाकलेले नाही, त्यामुळे कंबर मोडत नाही. वेगही आहे आणि लांबच्या प्रवासाचा आरामही, म्हणून अशा गाडीला स्पोर्ट टूरर म्हणतात. 2020 मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले, तेव्हा ती बंद झाली. आता मिळते ती वापरलेलीच. ही गाडी साध्या ब्रेकची आणि सी-एबीएसची अशा दोन प्रकारांत मिळत असे. आमचे लक्ष गेले ते या दुसऱ्या प्रकाराकडे.

सी-एबीएस म्हणजे एकात दोन गोष्टी, आणि लोक नेमका तिथेच घोळ करतात. एबीएस म्हणजे चाक अडकू न देणारी यंत्रणा. चाक फिरायचे थांबून घसरायला लागले की ती ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा देते, आणि हे सेकंदात अनेकदा करते. जोडलेला ब्रेक ही वेगळी गोष्ट आहे. त्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. पहिली यंत्रणा चाक घसरू देत नाही, दुसरी ब्रेकचा जोर दोन चाकांत वाटते. एखाद्या गाडीत एकच असते, एखादीत दोन्ही.

ब्रेक जोडण्याची गरजच काय, तेही पाहू. गाडी थांबू लागली की तिचे वजन पुढे सरकते. धावत्या एसटीने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातात, तसेच. पुढचे चाक जमिनीवर जास्त दाबले जाते, मागचे हलके होते. हलक्या चाकाला जोरात ब्रेक लावला तर ते अडकून घसरणारच. भाईजानचे तेच झाले. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते आणि त्यांना त्याच चाकाची भीती घालून दिली होती.

ढोबळ हिशेब सांगतो. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोरचा धोका पाहून ब्रेकवर बोट जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे 17 मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर आणखी सुमारे 20 मीटरमध्ये गाडी थांबते. फक्त मागचा लावला तर जवळजवळ 40 मीटर लागतात. हा वीस मीटरचा फरक म्हणजे एका ट्रकच्या लांबीहून जास्त अंतर.

माणसाला मागच्याच ब्रेकची सवय असते हे कारखानदारांनाही ठाऊक होते. इटलीच्या मोटो गुझ्झीने 1975 च्या 850 टी-3 या गाडीत पायाच्या ब्रेकला मागची डिस्क आणि पुढच्या दोनपैकी एक डिस्क जोडली. होंडाने 1990 च्या दशकात आणखी पुढची पायरी गाठली. 1998 च्या व्हीएफआर 800 मध्ये पाय दाबला तर पुढेही लागतो आणि हाताचा दाबला तर मागेही. आपल्या सीबीआरची जोडणी एकाच बाजूची आहे. पुढच्या कॅलिपरमध्ये तीन पिस्टन असतात. हाताच्या लिव्हरवर कडेचे दोन चालतात, पायाच्या ब्रेकवर मागचा ब्रेक आणि पुढचा मधला पिस्टन चालतो.

हा तपशील नुसत्या माहितीसाठी नाही. नुसता पाय दाबला तर पुढच्या तीनपैकी एकच पिस्टन कामाला लागतो. म्हणजे जोडलेला ब्रेक असला तरी पूर्ण ताकदीसाठी हात वापरावाच लागतो. दुसरे असे की वाळूवर, चिखलात किंवा कमी वेगात वळताना पाय जोरात दाबला तर पुढचे चाकही धरले जाते. तिथे पाय हलकाच ठेवावा.

हे सगळे आम्ही भाभींना सांगत होतो तेव्हा त्या भाकऱ्या थापत होत्या. आम्ही विचारले, "भाभी, तुमच्या स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की काय होते?" त्या म्हणाल्या, "गाडी थांबते, दुसरे काय?" बाहेर नेऊन दाखवले. डावा लिव्हर दाबला की त्याच्याबरोबर पुढच्या ब्रेकची तारही ओढली जाते. 1 एप्रिल 2019 पासून नव्या दुचाकींना नियमच आहे. 125 सीसीपर्यंत निदान जोडलेला ब्रेक हवा, त्याच्यावर एबीएस हवे. भाभी तीन वर्षे जोडलेल्या ब्रेकची गाडी बाजारात नेत होत्या आणि त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या भाईजानच्या गाडीला हे असते तर?" आम्ही प्रामाणिकपणे सांगितले की पडलेच नसते असे म्हणता येणार नाही, पण चाक तसे अडकले नसते. "मग बघा," एवढेच त्या बोलल्या.

पहिली गाडी पुण्यात पाहिली. रंग चकचकीत, टायर नवे, किंमतही बेताची. किल्ली फिरवली तर डायलवर एबीएसचा दिवा लागलाच नाही. पुतण्या खूश झाला, "दिवा नाही म्हणजे बिघाड नाही." उलटे आहे. किल्ली फिरवताच हा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. चालू गाडीत तो जळत राहिला तर यंत्रणेत दोष आहे. तो लागतच नसेल तर मीटरमध्ये काही बिघडले आहे किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केला आहे. विकणाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "साधे ब्रेक चालतात ना, मग झाले." चालतात हे खरे. एबीएस बंद पडले तरी साधा ब्रेक लागतो. पण आम्ही पैसे एबीएससाठी देणार होतो. मालातला ऐब झाकून विकणे हे कुठल्याच सौद्यात शोभत नाही. आम्ही सलाम करून निघालो.

दुसरी गाडी साताऱ्यात सापडली. रंग उडालेला, बाजूला एक ओरखडा. पण मालकाने जुनी सर्व्हिसची बिले पुढे ठेवली आणि ओरखडा कसा पडला तेही स्वतःहून सांगितले. आम्ही जे तपासले ते क्रमाने देतो, कुणाच्याही कामी येईल.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आवाज लपवते. पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर तेलाचा ओघळ नसावा. हँडल सरळ ठेवून डावीकडे-उजवीकडे वळवावे, मध्येच अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेले आहे. लिव्हरची टोके, हँडलची टोके आणि पायदाने घासलेली असतील तर गाडी पडलेली आहे. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सात-आठ वर्षांचे रबर घाटात भरवशाचे नाही.

ब्रेकसाठी वेगळा वेळ द्यावा. चाकाजवळ डिस्कच्या आत दातेरी किंवा खाचांची कडी आहे का पाहावी, तीच एबीएसची खूण. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती मोजून घ्यावी. ब्रेक ऑइल काळपट असेल तर बरीच वर्षे बदललेले नाही, ते दर दोन वर्षांनी बदलावे. मग दोघांनी मिळून पुढचे चाक उचलावे, हाताने फिरवावे आणि तिसऱ्याने पायाचा ब्रेक जोरात दाबावा. चाक धरले गेले तर जोडणी शाबूत आहे. या ब्रेकच्या नळ्या जास्त असतात. हवा काढण्याचे काम क्रमाने करावे लागते, म्हणून ते ही यंत्रणा माहीत असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

कागद शेवटी पाहतात, खरे तर आधी पाहावेत. चेसिसचा नंबर आरसी बुकाशी जुळवावा. कर्ज होते का, फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 आहे का ते बघावे. थकलेली ई-चलने तपासावीत. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2011-12 ची गाडी असेल तर मुदत संपत आली आहे किंवा संपली आहे, नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरावा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यावर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यावरचे नावही 14 दिवसांत बदलायला द्यावे. विकणाऱ्यांनीही हे हलक्यात घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी विकून मोकळे झालो असे समजणाऱ्यावर वर्षांनी नोटीस येऊ शकते.

गाडी घेतली. थोडे पैसे मुद्दाम मागे ठेवले होते, त्यातून ब्रेक पॅड, ऑइल आणि दोन्ही टायर बदलले. मग दोन रविवार सकाळी पुतण्याला मोकळ्या मैदानावर नेले. आधी ताशी वीस, मग तीस, मग चाळीस. हाताचा ब्रेक झटक्याने नाही, लिंबू पिळावा तसा वाढवत दाबायचा, पायाचा सोबतीला. एबीएस कामाला लागले की लिव्हर बोटांखाली थरथरतो. पहिल्यांदा तो घाबरून सोडून देत होता. सोडायचे नाही, धरून ठेवायचे, हे अंगवळणी पडायला दुसरा रविवार लागला.

त्या दुसऱ्या रविवारी भाईजानही आले होते. काठी टेकून कडेला उभे राहून पाहत होते. शेवटी मुलाला जवळ बोलावून म्हणाले, "वळणाच्या आधी वेग कमी कर. वळणात शिरल्यावर ब्रेकची आठवण यायला नको. हे यंत्र शिकवत नाही."

आम्ही इतके दिवस जे समजावत होतो त्यात एवढेच राहून गेले होते. पुतण्या आता दिवसाउजेडीच निघतो, कोयनेला चहाला थांबतो आणि तिथून घरी फोन करतो. भाभी तो फोन येईपर्यंत अजूनही जेवत नाहीत. पण गाडी विक, असे आता म्हणत नाहीत.