विश्लेषण : सुटी गोळी कुठे गेली? रावळगाव ते ‘रोला कोला’, आठवणीतल्या गोळ्यांचे अर्थकारण

‘पान पसंद’, ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’ या गोळ्यांची मालकी फेब्रुवारी २०२४ मध्ये बदलली. व्यवहार होता २७ कोटी रुपयांचा. कोथरूडमध्ये वीस-पंचवीस सदनिकांची एक साधी इमारत उभी राहिली, तरी तिची एकूण किंमत याहून अधिक भरते. पण त्या बातमीने या भागात वाढलेल्या आणि आता चाळिशीत असलेल्या पिढीत जी हळहळ उमटली, ती २७ कोटींच्या मानाने फारच मोठी होती. ‘आमच्या लहानपणीच्या गोळ्या परत आणा’ असे म्हणणारे हजारो असताना त्या गोळ्यांचा धंदा तोट्यात कसा जातो? उत्तर चवीत कमी आणि दुकानाच्या गल्ल्यात जास्त सापडते.

रावळगावचे नेमके काय विकले गेले?

रावळगाव हे नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले गाव. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२३ च्या सुमारास तिथे शेतीसाठी जमीन घेतली, ती ओलिताखाली आणली आणि ऊस लावला. ‘रावळगाव शुगर फार्म’ ही कंपनी १९३३ मधली. गोळ्यांचे उत्पादन १९४२ मध्ये सुरू झाले. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत पाय रोवणाऱ्या या माणसाचे नाव घराघरात पोहोचले ते मात्र कागदात गुंडाळलेल्या गोळीमुळे. खरे तर त्याचे नव्हे, त्या गावाचे. महाराष्ट्रात एक काळ असा होता की ‘रावळगाव’ म्हणजे नकाशावरचे गाव आहे हे अनेक मुलांना ठाऊकच नव्हते.

रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने घेतले ते बोधचिन्हांचे हक्क, गोळ्यांच्या पाककृती आणि अन्य बौद्धिक संपदा. जमीन, इमारती, कारखाना आणि यंत्रसामग्री जुन्या कंपनीकडेच राहिली. म्हणजे गोळीचे नाव आणि कृती एका मालकाकडे, तर ज्या गावात ती ऐंशी वर्षे बनली तिथले शेड आणि भट्ट्या दुसऱ्याकडे. रावळगावची गोळी यापुढे रावळगावातच बनली पाहिजे, असे बंधन या व्यवहारात नाही. खरेदीदाराला त्याची गरजही नाही. हीच कंपनी २०२२ पासून ‘कॅम्पा’सारखी जुनी नावे विकत घेऊन पुन्हा बाजारात आणते आहे. ‘कॅम्पा’चा व्यवहार तर २२ कोटींच्या आसपासचा होता. जाहिरातीवर कोट्यवधी ओतून नवे नाव लोकांच्या तोंडी बसवण्यापेक्षा आधीच बसलेले नाव घेणे स्वस्त पडते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

विक्रीची कारणे रावळगाव कंपनीने शेअर बाजाराला कळवली होती. संघटित आणि असंघटित स्पर्धकांमुळे बाजारातील वाटा घटला. कच्चा माल, ऊर्जा आणि मजुरी महागली. त्या प्रमाणात ना विक्री वाढली, ना किंमत वाढवता आली. यातले शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे.

किंमत का वाढवता येत नाही?

नव्वदच्या दशकात आठ आण्यांना मिळणारी गोळी आज एक रुपयाला मिळते. तीस वर्षांत दुप्पट. त्याच काळात किरकोळ बाजारातली साखर साधारण तिपटीने महागली. इंधन, वेष्टणाचे प्लास्टिक आणि मजुरी यांचे तर विचारायलाच नको. दूध चार रुपयांनी महागले तर गिऱ्हाईक कुरकुरते आणि घेते. गोळीचे तसे नाही. ती यादीत लिहून आणायची वस्तू नव्हे, समोर दिसली म्हणून घ्यायची वस्तू आहे. तिची किंमत एका नाण्याएवढी असावी लागते. सव्वा रुपयाची गोळी विकता येत नाही, कारण सव्वा रुपया हातात देता येत नाही.

त्यात खालची नाणीही गेली. २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ५० पैशांचे नाणे कायद्याने आजही वैध आहे, पण ते पुढे केले तर दुकानदार ते परत सरकवतो. त्यामुळे आठ आण्यांवरून थेट रुपयावर उडी मारण्यावाचून कंपन्यांना पर्याय उरला नाही. ही उडी ज्यांनी उशिरा किंवा जुनाच माल घेऊन मारली, ते मागे पडले. एका रुपयात साखर, ग्लुकोज, कागद, वाहतूक, कर, वितरक आणि दुकानदार हे सगळे बसवायचे, तर लाखोंच्या संख्येने माल खपायला हवा. मोठ्या कंपनीला हे जमते. तालुक्याच्या गावातल्या एका कारखान्याला ते जड जाते.

करकपातीनंतर या गणिताची गंमत उघड झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून गोळ्या-चॉकलेटांवरचा वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आला. आधी १८ टक्के कर असलेली एक रुपयाची गोळी नव्या दराने साधारण ८९ पैशांना बसते. हा फायदा मुलाच्या हातात कसा द्यायचा? अकरा पैसे परत देणारा दुकानदार ना डहाणूकर कॉलनीत सापडेल, ना मयूर कॉलनीत. वजन वाढवणे हा एकच मार्ग उरतो.

गल्ल्यातली गोळी

दुकानातल्या बरणीचे दुसरे एक काम होते. सुट्टे नसले की दुकानदार गोळ्या द्यायचा. तेरा रुपयांचे सामान घेऊन पंधरा दिले, की एक रुपयाच्या नाण्यासोबत दोन गोळ्या हातावर. यावर पुणेकरांनी घातलेले वाद हा स्वतंत्र विषय होईल, पण शेवटी गोळ्या घरी यायच्याच. आईने आणलेल्या पिशवीच्या तळाशी सापडणारी गोळी ही कुणी मागून आणलेली नसे, ती सुट्ट्या पैशांचा उरलेला भाग असे. गोळ्यांच्या खपातला हा न मागितलेला खप किती मोठा होता, याचा अंदाज २०१६ मध्ये यूपीआय आल्यानंतर येऊ लागला. तेरा रुपयांचे सामान आता बरोबर तेरा रुपयांनाच जाते. बरणी ठेवायच्या जागेवर क्यूआर कोडचा फलक आला.

नव्वदच्या दशकात कोथरूड आशियातले सर्वांत वेगाने वाढणारे उपनगर म्हणून ओळखले जाई. सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक दोन-तीन सोसायट्यांमागे एक किराणा दुकान निघत होते. सायंकाळी खाली खेळणाऱ्या मुलाच्या हातात रुपया असे आणि दुकान हाकेच्या अंतरावर. आज त्याच सोसायट्यांच्या फाटकातून दहा मिनिटांत सामान पोहोचवणारे दुचाकीस्वार आत-बाहेर करतात. त्यांच्या अ‍ॅपवर गोळ्या मिळतात, पण पाकिटात, पन्नास किंवा शंभरच्या. एक गोळी मागवता येत नाही. सुपरमार्केटमध्येही तेच. गोळीचा व्यवसाय ज्या ‘सुट्या’ खरेदीवर उभा होता ती खरेदी करणारा, म्हणजे एकटा दुकानात जाणारा सात-आठ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, रस्त्यावर दिसेनासा झाला आहे. कर्वे रस्ता किंवा पौड रस्ता आज त्या वयाच्या मुलाला एकट्याने ओलांडायला कोणते पालक सांगतील?

शाळेच्या फाटकाचेही नियम बदलले. जास्त साखर, मीठ आणि मेद असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम सांगतात. अंमलबजावणी जेमतेम आहे, हे कुठल्याही शाळेबाहेर दुपारी उभे राहिले की दिसते. तरीही कंपन्यांना आता तिथे उघड जाहिरात करता येत नाही.

‘रोला कोला’ परत आली, मग बाकीच्या का नाहीत?

परत आणा म्हणणाऱ्यांचे नेहमीचे उदाहरण म्हणजे पार्लेची ‘रोला कोला’. कोलाच्या चवीची ही गोळी २००६ मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये ट्विटरवर एका ग्राहकाने ती परत आणण्याची मागणी केली. दहा हजार जणांनी ती संदेशाद्वारे पुढे पाठवली तर विचार करू, असे कंपनीने सांगितले. आकडा गाठला गेला आणि त्याच वर्षी गोळी पुन्हा बाजारात आली. पण पार्लेकडे कारखाने, वितरणाचे जाळे आणि ‘मेलडी’, ‘मँगो बाइट’, ‘किस्मी’ घेऊन रोज दुकानात जाणारी गाडी आधीपासूनच होती. त्याच गाडीत आणखी एक खोके ठेवायचे होते. ज्या कंपनीचे सगळे बळच संपले आहे तिला दहा हजार संदेशांचा उपयोग होत नाही.

आणखी एक अडचण आहे. आठवणीतला ग्राहक चाळिशीचा आहे. तो ‘नव्वदच्या दशकातली पेटी’ अशा नावाने मिळणारा खोका दिवाळीत किंवा मित्राच्या वाढदिवसाला घेतो, फोटो काढतो, चार गोळ्या खातो आणि डॉक्टरने सांगितलेली साखर आठवून थांबतो. गोळीचा धंदा मात्र आठवड्यातून तीनदा रुपया घेऊन येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलावर चालत असे.

गोळी मेली असे म्हणायलाही जागा नाही. डीएस ग्रुपची ‘पल्स’ २०१५ मध्ये आली आणि पहिल्या आठ महिन्यांत १०० कोटींची विक्री करून गेली. किंमत एक रुपया. चव कैरीची आणि आत तिखट-मिठाची पूड. म्हणजे शाळेबाहेरच्या हातगाडीवरची मीठ लावलेली कैरीची फोडच कागदात गुंडाळून विकली गेली. जुने नाव न घेता जुनी चव विकण्याचा हा प्रकार जास्त यशस्वी ठरला, हे आठवणींच्या बाजारात उतरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे आहे.

च्युइंगमची गोष्ट थोडी वेगळी. इथे नावे टिकली, मालक बदलत राहिले. नव्वदच्या दशकात आलेले ‘बूमर’ जॉयको या स्पॅनिश कंपनीचे. २००४ मध्ये ते रिग्लीकडे गेले आणि २००८ मध्ये रिग्लीच मार्सकडे गेली. ज्याच्या पाकिटातले क्रिकेटपटूंचे कार्ड आणि त्यामागच्या धावा-बळी मुले जमवत, ते ‘बिग फन’ मात्र फक्त आठवणीत उरले. गम चघळून संपत असे, कार्ड उरत असे. खरा सौदा त्या कार्डाचा होता.

सगळेच परत यावे का?

नाही. ‘फँटम’च्या सिगारेटी आठवून पाहा. पुण्याच्याच हार्निक कंपनीची ही पांढरी, टोकाला लाल ठिपका असलेली साखरेची कांडी. ती दोन बोटांत धरून धूर सोडल्याचे नाटक केले नाही असे त्या पिढीतले मूल विरळा. तंबाखूजन्य पदार्थांसारख्या दिसणाऱ्या, लहान मुलांना भुरळ घालणाऱ्या गोळ्या आणि खेळणी यांचे उत्पादन व विक्री रोखावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचे १६ वे कलम सांगते. भारताने या कराराला २००४ मध्ये मान्यता दिली आहे. आठवण गोड आहे म्हणून हा करार विसरता येत नाही.

विड्याच्या चवीची ‘पान पसंद’, ‘कॉफी ब्रेक’ आणि ‘फँटम’ यांत एक साम्य आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात मुलांना ज्या गोष्टींपासून लांब ठेवले जाई, त्या सगळ्या त्यांना गोळीच्या रूपाने मिळत होत्या. ‘पान पसंद’ची दूरदर्शनवरची जाहिरात तर सरळ मोठ्यांसाठीच होती. अर्चना जोगळेकर यांच्या तोंडचे फटकळ वाक्य गोळी खाल्ल्यावर लाडिक व्हायचे, त्यात मूल कुठे नव्हतेच. लिमलेट आणि श्रीखंडाची गोळी या घरच्या, या तिघी मात्र किंचित चोरीच्या. त्यांची आठवण जास्त घट्ट असण्यामागे हे एक कारण असावे.

नव्या मालकाची गोळी तशीच लागेल का?

कृती कागदावर साधी आहे. साखर आणि ग्लुकोजचा पाक साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत आटवायचा, थोडा थंड झाला की त्यात आम्ल, रंग आणि अर्क घालायचा, साच्यात दाबायचा. पाकात उरणारे पाणी, ग्लुकोजचे प्रमाण आणि अर्क यांत थोडा फरक पडला तरी गोळी जिभेवर वेगळी विरघळते. पाककृती विकत घेतल्यामुळे रिलायन्सला हे सांभाळता येईल. ग्राहकाची जीभ मात्र विकत घेता येत नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक गोड आणि अधिक आंबट आवडते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वास आणि चवीने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, हेही. जुन्याच कृतीची गोळी चाळिशीत तोंडात टाकली तर ती फार गोड लागण्याची शक्यता अधिक, आणि दोष मात्र नव्या कंपनीला दिला जाईल.

कंपनीला फार काळ थांबूनही चालणार नाही. नोंदणी केलेले बोधचिन्ह सलग पाच वर्षे वापरलेच नाही तर ते नोंदवहीतून काढून टाकावे, असा अर्ज १९९९ च्या बोधचिन्ह कायद्यानुसार बाधित व्यक्तीला करता येतो. म्हणजे नावे विकत घेऊन कपाटात ठेवता येत नाहीत. ती दुकानात दिसावी लागतील, आणि त्यासाठी कोथरूडच्या किराणा दुकानात बरणी ठेवायला पुन्हा जागा करावी लागेल.