प्रोटॉन कुठे थांबतो, हे रोज कोण तपासते?

कोलशेत रोडवर ओळखीचे कोणी भेटले की हल्ली हमखास विचारतात, ‘डॉक्टर, बाळकुमला टाटाचं हॉस्पिटल होतंय, मग प्रोटॉनचं मशीनही येणार का?’ जितो ट्रस्ट आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्याने होणाऱ्या या कॅन्सर रुग्णालयाचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. त्याच वर्षी खारघरला टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात प्रोटॉन उपचार सुरू झाले. सध्या तरी ठाणेकरांना कळवा ओलांडून, ठाणे-बेलापूर रस्त्याने तिकडेच जावे लागते. मशीन कुठे येणार हे सगळे विचारतात. ते रोज कोण तपासणार, हे मला अजून कोणी विचारलेले नाही.

नेहमीच्या रेडिएशनमधले क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि वाटेत पुढच्या-मागच्या निरोगी भागालाही थोडे भाजतात. प्रोटॉन तसा नाही. तो ठरावीक खोलीवर जाऊन आपली बहुतेक ऊर्जा तिथेच टाकतो आणि थांबतो. म्हणूनच लहान मुलांच्या मेंदूतील गाठींसाठी त्याचे एवढे महत्त्व. आता तो नेमका कुठे थांबणार, हे त्याच्या ऊर्जेवर ठरते. ७० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, २३० एमईव्हीचा सुमारे ३३. खोलवरच्या गाठीसाठी ऊर्जा एका एमईव्हीने चुकली, तर थांबण्याची जागा साधारण दोन मिलिमीटरने सरकते. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण गाठीमागे लगेच मेंदूचा देठ असेल, तर तेवढे पुरते. उलट बाजूला सरकली तर गाठीची कड उपचाराविना राहते, आणि ते त्या दिवशी कोणालाच दिसत नाही.

ऊर्जेची चूक काय करू शकते, हे स्पेनमधल्या झारागोसा शहराने पाहिले आहे. ते यंत्र प्रोटॉनचे नव्हते, इलेक्ट्रॉनचे होते. डिसेंबर १९९० मध्ये दुरुस्तीनंतर त्याची ऊर्जा चुकली. कोणतीही ऊर्जा निवडली तरी काटा ३६ एमईव्हीच दाखवत होता. कर्मचाऱ्यांना वाटले, काटाच अडकला आहे. प्रत्यक्षात काटा खरे सांगत होता. दुरुस्तीनंतर भौतिकतज्ज्ञाने मोजमाप करून पाहिले नव्हते आणि दहा दिवसांत २७ रुग्णांवर उपचार झाले. त्यांतले अनेक दगावले.

म्हणून प्रोटॉन केंद्रात सकाळी पहिला रुग्ण आत जाण्याआधी भौतिकतज्ज्ञ झोत मोजतात. पाण्याऐवजी पाण्यासारखा प्लॅस्टिकचा ठोकळा किंवा एकामागे एक थर असलेले मोजयंत्र ठेवायचे, काही ठरावीक ऊर्जा सोडायच्या आणि झोत अपेक्षित खोलीवरच संपतो का ते पाहायचे. सर्वसाधारणपणे एक मिलिमीटरच्या आतला फरक चालतो. त्यापुढे गेला तर आधी कारण शोधायचे, रुग्ण नंतर.

याबाबत एक आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. सीटी स्कॅनवरून प्रोटॉनची खोली काढतानाच तीन-साडेतीन टक्क्यांची अनिश्चितता असते. शिवाय रुग्ण बारीक होतो, नाकाच्या पोकळीत कधी द्रव साठतो, कधी हवा असते. मग मशीनच्या एका मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा कशाला? कारण शरीराकडून येणारी चूक आपण आधीच धरून चालतो, गाठीभोवती तेवढी जागा सोडतो. मशीन बिघडेल म्हणून जागा सोडलेली नसते.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार रेडिएशन देणाऱ्या केंद्रात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ असावाच लागतो. मात्र आमच्या सरकारी रुग्णालयांचा अनुभव असा, की मशीनसाठी पैसे एकदा मिळतात, ते सांभाळणाऱ्या माणसांसाठी दरवर्षी भांडावे लागते. मी काम केलेल्या वॉर्डांत रक्तदाबाची साधी यंत्रेही वर्षानुवर्षे न तपासता वापरात होती. बाहेर रांग वाढली, की सकाळचा तपासणीचा तासच आधी डोळ्यांत खुपतो. रुग्णाचे नातेवाईकही वैतागतात. त्यांचे चुकत नाही, ते पहाटे पाचला घरून निघालेले असतात. तरीही ‘आज मशीनची तपासणी चालू आहे, उशीर होईल’ असे खिडकीवर सांगितले, तर माझ्या रुग्णाला मी तिथेच थांबायला सांगेन.