आरसे आले, भिंत तिकडेच राहिली

प्रवासातून आणि रोजच्या जगण्यातून घर सजवायची प्रेरणा घ्या, असं प्रत्येक दुसरं रील सांगतं. सल्ला चांगला आहे. आपण तो ज्या पद्धतीने पाळतो, ती पद्धत मात्र भिकार आहे. आपण दिसणं उचलतो आणि कारण तिथेच टाकून येतो.

कच्छचं उदाहरण घ्या. रण बघायला गेलेले लोक तिथल्या भिंतींवरच्या लिंपणकामाचे भरपूर फोटो काढून आणतात. मग एमडीएफच्या गोल पाटावर क्ले आणि आरसे चिकटवून तो पाट टीव्हीशेजारी टांगला जातो. त्याचं तयार किटही ऑनलाइन मिळतं. पण मुळात लिंपण म्हणजे माती आणि शेणाच्या जाड भिंतीचा शेवटचा थर. दिव्याचा थोडासा उजेड आरशांमुळे खोलीभर पसरतो. ज्या गोल घरांवर हे काम करतात, त्यांना तिकडे ‘भुंगा’ म्हणतात. त्यांची जाड भिंत आत गारवा धरते आणि गोल आकार जमिनीचे हादरे झेलतो. 2001च्या भूकंपात भुजमध्ये सिमेंटच्या इमारती कोसळल्या, तेव्हा असे कितीतरी भुंगे उभे राहिले. आपल्या हॉलमध्ये यातले फक्त आरसे पोचले.

वारलीचंही तेच. पालघर-डहाणूकडे लग्नघरात, लाल मातीने सारवलेल्या कुडावर, सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो लग्नविधीचाच भाग असतो. आपण त्याचं स्टिकर करून फ्रिजवर लावतो आणि स्वतःला मातीशी जोडलेलं समजतो.

हे भांडण नुसतं आवडीनिवडीचं असतं, तर मी लिहायला बसलो नसतो. पण यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो. आणि दारव्हा, घाटंजी, पुसद, वणीकडची नवी घरं कशी असावीत, हे आता बऱ्याचदा पुण्यात किंवा हैदराबादेत कोड लिहिणारी माझ्यासारखी पोरंपोरी ठरवतात. पैसे आम्ही पाठवतो आणि सोबत सेव्ह केलेली रील्सही पाठवतो. पश्चिमेला मोठी काच, पीओपीचं सीलिंग, समोर गडद राखाडी टाइल्स. दिवाळीत चार दिवस येऊन फोटो काढतो आणि परत जातो. मे महिन्यात दुपारी 3 वाजता त्या काचेमागे आई-बाबा कूलरसमोर खुर्च्या ओढून बसलेले असतात. लाइन गेली की डोक्यावर ओलं फडकं घेतात.

याच जिल्ह्यातली जुनी घरं बघायला तिकीट लागत नाही. ओसरी इतकी खोल की ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. कूड पऱ्हाट्या-तुराट्यांचा, म्हणजे पीक निघाल्यावर शेतात जे उरतं त्याचा. कोलाम पोडावर तोच बांबूच्या ताट्यांचा, वरून मातीचा लेप. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पुढचं दार आणि सांदवाडीचं दार समोरासमोर, त्यामुळे वारा आरपार जातो. देवळी भिंतीच्या जाडीतच असते, म्हणून खोलीतली जागा खात नाही.

लगेच कोणीतरी म्हणेल, मग राहा ना मातीच्या घरात! नाही राहणार, आणि दुसऱ्या कोणाला राहा असंही सांगणार नाही. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, पावसात भिंत बसते आणि सारवता सारवता कंबर बाईचीच मोडते. ज्यांनी हे सोसलं, त्यांना पक्कं घर मिळालंच पाहिजे. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. काल गरिबीची खूण म्हणून आपण जी माती पाडली, तिचा नुसता रंग आज ‘अर्थी टोन’ म्हणून डब्यातून विकत घेतो. गारवा मात्र घेत नाही, कारण तो फोटोत येत नाही.

खरं तर त्याला फार पैसा लागत नाही. सिमेंटच्या घरालाही पश्चिमेला ओसरी काढता येते. गच्चीला पांढरा चुना मारला, तर बरंचसं ऊन परत फिरतं. दारं समोरासमोर ठेवता येतात, अंगणात कडुनिंब लावता येतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1.20 लाख रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचं असावं लागतं. तेवढ्या घरात छज्जा हातभर पुढे काढायचा की नाही, हा प्रश्न भिंतीच्या रंगापेक्षा कितीतरी मोठा असतो.

प्रवास करा, फोटोही काढा. पण फोटो काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, हे इथे का आहे? आणि गावाकडून नव्या घराच्या डिझाइनसाठी फोन आला, तर लिंक पाठवायची घाई करू नका. आईला विचारा, दुपारी तिला घरात कुठे बसवतं. बाबांना विचारा, वारा कुठून येतो. नकाशा त्यावरून काढा. काच कुठे लावायची, ते नंतर ठरवता येईल.