ताबा सुटला म्हणजे नेमकं काय सुटलं?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात नुकतंच अठरा पूर्ण केलेलं पोरगं आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

वीस वर्षं झाली, तालुक्याच्या गावात बातमीदारी करतोय. या काळात एक वाक्य किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. 'दुचाकीवरील ताबा सुटल्याने झालेल्या अपघातात तरुण जागीच ठार.' पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तेच, आमच्या बातमीत तेच. गाव आणि नाव बदलायचं, बाकी मजकूर तयार. गेल्या महिन्यात माझाच ताबा सुटला आणि पहिल्यांदा कळलं, की या वाक्याचा अर्थ मला माहीतच नव्हता.

झालं असं. मी चालवत होतो शंभर सीसीची गाडी. अलीकडची. बटण दाबलं की चालू, वजन ११० किलोच्या आसपास, मागचा ब्रेक दाबला की पुढचाही आपोआप थोडा लागतो. काकांचे गुडघे गेले, त्यांची १९९३ ची बुलेट अंगणात पडून होती. ३४६ सीसी, वजन १६० किलोच्या पुढे. काका म्हणाले, "भंगारात घालण्यापेक्षा तू घेऊन जा. पण आधी आठ दिवस मोकळ्या माळावर फिरव, मगच रस्त्यावर काढ." मी हसलो. म्हणलं, काका, सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय.

ज्यांनी जुनी बुलेट चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आपल्या सगळ्या गाड्यांच्या बरोबर उलटं. चालू करायची तर अँपिअरचा काटा बघायचा, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढायचा आणि मग किक मारायची. चुकलं तर किक उलटी नडगीवर येते. पुढे-मागे ड्रम ब्रेक. एबीएस वगैरे शब्दसुद्धा तेव्हा आपल्याकडे कुणी ऐकलेले नव्हते.

चौथ्या दिवशी कुर्डुवाडी रस्त्यावर होतो. शाळा सुटलेली. वेग फार नाही, चाळीसच्या आत. सायकलवरची एक मुलगी मागे न बघता वळली. मी सत्तावीस वर्षांच्या सवयीनं उजवा पाय दाबला. ब्रेक लागलाच नाही. लागणार कसा? तो गिअर होता. क्लच दाबलेला, गिअर दुसऱ्यावरून तिसऱ्यात गेला आणि दीडशे किलोचं लोखंड मोकळं सुटून पुढे चाललं. पुढचा ब्रेक जीव खाऊन आवळला. गाडी आडवी झाली, मी तिच्याखाली. सायकलचं मागचं चाक माझ्यापासून वीतभर अंतरावर. घोट्याला टाके पडले. ती मुलगी सायकल टाकून आली आणि विचारते, "काका, लागलं का तुम्हाला?"

त्या रात्री झोप लागली नाही. वीतभर कमी पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी बातमी आलीच असती. 'भरधाव बुलेटच्या धडकेत विद्यार्थिनी...' चाळीसच्या आतली गाडीसुद्धा आम्ही 'भरधाव'च केली असती. आणि खरं कारण, म्हणजे एका माणसाला त्याच्या हाताखालची गाडी येतच नव्हती, हे कुठेही छापून आलं नसतं.

चूक माझी. शंभर टक्के माझी. काकांचं ऐकलं नाही. पण आता प्रश्न सरकारला विचारायचाय.

माझं लायसन १९९८ चं. मित्राची शंभर सीसी मागून नेली, मैदानात आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पास. त्या एका आकड्यावर मी आज काय चालवू शकतो? काकांची बुलेट. उद्या लॉटरी लागली तर हजार सीसीची परदेशी गाडीसुद्धा. १९८८ चा मोटार वाहन कायदा दुचाकीचे लायसनवर दोनच प्रकार धरतो: विनागिअर आणि गिअरवाली. गिअर आला की संपलं. ताकद किती, वजन किती, ब्रेक कसले, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

युरोपात हेच लायसन पायऱ्यापायऱ्यांनी मिळतं. आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत. मग ३५ किलोवॅटपर्यंत. मग सगळ्या. काकांची म्हातारी बुलेट अठरा हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण १३ किलोवॅट. तिच्यासाठीसुद्धा तिकडे दुसरी पायरी चढावी लागली असती.

आपल्याकडे काय विचारतात? गाडी पंधरा वर्षांची झाली, फेरनोंदणी करा. पर्यावरण कर भरा. पीयूसी काढा. विमा काढा. नवी नंबरप्लेट लावा. मी सगळं केलं, पावत्या फाइलला लावल्यात. पण 'ही गाडी तुम्हाला चालवता येते का?' हे मला एकानंही विचारलं नाही. खिडकीमागच्या माणसाचा दोष नाही, त्याच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. नंबरप्लेट हाय सिक्युरिटी. चालवणारा रामभरोसे.

आणि हा फक्त बुलेटचा विषय नाही. २०१९ पासून नव्या गाडीला १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली किमान कॉम्बी ब्रेक सक्तीचा आहे. चांगलाच नियम आहे. म्हणजे १२५ ची रेघ सरकारला माहीत आहे! लोखंडासाठी ती रेघ ओढली, माणसासाठी का नाही ओढली? शिवाय नवी गाडी परवडत नाही म्हणून आपली पोरं काय करतात? बापाची शंभर सीसी विकून दहा-पंधरा वर्षांची, दुप्पट ताकदीची सेकंडहँड गाडी घेतात. ताकद वाढली आणि ब्रेक मात्र मागे गेले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच सहीनं.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच २०२२ चा आकडा आहे: देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची.

लगेच दोन आक्षेप येणार, माहितीये. पहिला, 'गरिबाला त्रास होईल.' कसा? १२५ च्या खाली काहीच बदलू नका. दूधवाला, शेतकरी, मास्तर, कुणाच्याच गाडीला हात लागत नाही. दुसरा आक्षेप, 'नियम वाढला की एजंटचा दर वाढेल.' हा खरा आहे, मी नाकारत नाही. पण एजंट आहे म्हणून परीक्षाच नको, असं म्हणायचं असेल तर मग दहावी-बारावीचीही बंद करा.

मागणी साधी आहे. १२५ च्या वर जायचं तर त्याच वर्गाच्या गाडीवर वेगळी चाचणी द्या. आठच्या आकड्यासोबत अचानक ब्रेक मारून दाखवायची. आणि जुनी मोठी गाडी नावावर करताना नव्या मालकाकडे ते लायसन आहे का, एवढं बघा. बस्स.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर माझ्याकडून दोन गोष्टी. बुलेट विकलेली नाही. टाके निघाल्यापासून रोज पहाटे माळावर नेतोय, उजवा पाय विसरायला शिकतोय. काकांचे आठ दिवस मला कमी पडले, महिना लागेल.

आणि दुसरी. यापुढे 'ताबा सुटला' हे वाक्य लिहिण्याआधी मी पोलिसांना आणि घरच्यांना एक प्रश्न विचारणार आहे: गाडी घेऊन किती दिवस झाले होते? उत्तर बातमीत छापणार. माझ्या पत्रकार मित्रांनीही विचारावा.

बापांनो, तुम्ही मात्र तो प्रश्न चावी देण्याआधी विचारा.