नळी धरणाऱ्यांचा इतिहास

१/ औद्योगिक क्रांतीचा इतिहास आपण कापणाऱ्या यंत्रांचा इतिहास म्हणून वाचतो. माझे मत असे की तो आधी धरणाऱ्या साधनांचा इतिहास आहे. रायफलच्या नळीवरून हे मांडण्याचा प्रयत्न करतो. थ्रेड थोडा लांब आहे.

२/ नळी लांब आणि सडपातळ असते. लेथच्या चकमध्ये तिचे एक टोक आवळून दुसरे मोकळे सोडले, तर हत्याराच्या दाबाने ती वाकते, थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. म्हणून दुसऱ्या टोकाला सेंटरचा आधार आणि गरजेप्रमाणे मध्ये स्टेडी लावतात.

३/ खरी अडचण याच्या पुढची आहे. नळीची बाहेरची बाजू आणि आतले छिद्र यांचा अक्ष क्वचितच तंतोतंत एक असतो. बाहेरून नळी अचूक फिरताना दिसते, आत छिद्र मात्र डोलत असते. अशा स्थितीत काडतुसाची जागा कातली, तर गोळी छिद्रात तिरकी शिरते.

४/ म्हणून जाणता कारागीर डायलची सुई छिद्राच्या आत टेकवतो आणि ती स्थिरावेपर्यंत चकचा एकेक जबडा सैल-घट्ट करीत राहतो. कोणत्या पृष्ठभागाला प्रमाण मानायचे, हा निर्णय पहिला कीस पडण्यापूर्वीच झालेला असतो.

५/ हा निर्णय कारखान्याच्या पातळीवर नेला तो जॉन हॉल यांनी. १८१९ मध्ये अमेरिकी सरकारशी १००० रायफलींचा करार करून ते व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथे काम करू लागले. प्रत्येक क्रियेच्या वेळी भाग वेगळ्या कडेवरून धरला, तर बारीक चुका एकीवर एक साचत जातात, हे त्यांनी ओळखले. उपाय असा की भागावरील एकच बिंदू प्रमाण मानायचा आणि सर्व क्रियांत भाग त्याच बिंदूवर टेकवून धरायचा.

६/ १८२६-२७ मधील सरकारी तपासणीत हॉल यांच्या रायफली सुट्या करून, भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडण्यात आल्या. भाग जुळले.

७/ तरीही अदलाबदलीयोग्य भागांचा जनक म्हणून आपण पाठ करतो ते एली व्हिटनी यांचे नाव. १८०१ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये नेत्यांसमोर बंदुकीच्या चापांचे प्रात्यक्षिक केले, ते गाजले. १९६० मध्ये इतिहासकार रॉबर्ट वुडबरी यांनी ही दंतकथा तपासली, तेव्हा व्हिटनींच्या उरलेल्या बंदुकांचे भाग परस्परांत बसत नाहीत, असे दिसून आले.

८/ आक्षेप येईल की हॉल यांची रायफल महाग होती, तिच्या सांध्यातून वायू गळे आणि अखेर ती मागे पडली. हे खरेच आहे. परंतु शस्त्र मागे पडले तरी ते घडवण्याची रीत टिकली. शिवणयंत्रापासून सायकलीपर्यंत पुढची कारखानदारी याच शस्त्रशाळांच्या शिस्तीतून वाढली. ती शिस्त संहारासाठी जन्मली, हेही विसरता कामा नये.

९/ मग व्हिटनीच का लक्षात राहिले? कारण प्रात्यक्षिकाला प्रेक्षक असतात, पत्रे आणि वृत्तान्त असतात. काम धरण्याच्या कौशल्याचा दस्तऐवज बहुधा उरत नाही. तो हातांत असतो आणि हातांबरोबर जातो. अभिलेखागारात जे सापडते तेवढाच इतिहास, असे मानण्याची आम्हा विद्यार्थ्यांची सवय येथे अपुरी पडते.

१०/ माझे वडील टर्नर होते. जॉब नीट बांधला की अर्धे काम झाले, असे ते म्हणत. एम.ए.ची दोन वर्षे तंत्रज्ञानाचा इतिहास वाचल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ कळला. आपल्या घरात, गल्लीत असे कोणी असेल, तर त्यांच्याशी बोला आणि ते लिहून ठेवा.