साडेसदतिसावा कार्यक्रम!

दोस्तांनो, तुमच्या वर्गाच्या हजेरीत ३७ नंतर कोणता नंबर येतो? ३८, बरोबर! पण लढतींच्या दुनियेत एकदा या दोघांच्या मध्ये चक्क 'साडेसदतीस' येऊन बसला. कसा, ते ऐका.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स हा कुस्ती, बॉक्सिंग, ज्युडो, कराटे अशा अनेक प्रकारांतले डाव एकाच लढतीत वापरू देणारा खेळ. (डाव धाकट्या भावावर करून बघायचे नाहीत हं!) त्यातली नावाजलेली संस्था म्हणजे अमेरिकेतली यूएफसी. तिचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात झाला. आठ जणांच्या त्या बाद फेरीत ब्राझीलचा रॉयस ग्रेसी जिंकला.

गंमत म्हणजे तेव्हा त्याचं नाव 'यूएफसी १' नव्हतंच! नुसतं 'द अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप'. मार्च १९९४ मध्ये दुसरा कार्यक्रम झाला आणि मग आधीचा 'पहिला' ठरला. पहिल्या महायुद्धाचंही असंच नाही का? ते चालू असताना लोक त्याला नुसतं 'महायुद्ध' म्हणत. दुसरं झालं, तेव्हा ते 'पहिलं' झालं.

पुढे नंबरासोबत सिनेमासारखी नावंही आली. जुलै २००२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ३८ वा कार्यक्रम होता. 'हॉल'शी यमक जुळवून नाव ठेवलं 'ब्रॉल ॲट द हॉल', म्हणजे हॉलमधली हाणामारी! त्याची जाहिरात आधीच सुरू झाली होती. तेवढ्यात जूनमध्ये लास व्हेगासला आणखी एक कार्यक्रम घ्यायचं ठरलं. ३७ वा तर मे महिन्यातच होऊन गेलेला. मग नव्याला नंबर कोणता द्यायचा? दिला ३७.५!

आता बहुतेक वेळा मुख्य लढतीतल्या दोघांची आडनावं जोडतात. एप्रिल २०२४ चा कार्यक्रम होता 'यूएफसी ३००: परेरा विरुद्ध हिल'. 'फाइट नाइट' नावाचे छोटे कार्यक्रम मात्र या रांगेत मोजत नाहीत.

आणि काही नंबर तर रिकामेच राहिले. १५१ वा कार्यक्रम १ सप्टेंबर २०१२ रोजी व्हायचा होता. थोडेच दिवस आधी डॅन हेंडरसनच्या गुडघ्याला दुखापत झाली. त्याच्याऐवजी आलेल्या नव्या प्रतिस्पर्ध्याशी लढायला विजेता जॉन जोन्सने नकार दिला. झालं! सगळा कार्यक्रमच रद्द. त्याच दिवशी लढायला घाम गाळून तयार झालेल्या बाकीच्या खेळाडूंची लढतही बुडाली. १५२ वा कार्यक्रम आधीच जाहीर झालेला होता, त्यामुळे त्याचा नंबर तोच राहिला. यादीत १५१ ची जागा आजही रिकामी दिसते. ज्यांना त्या दिवशी लढायलाच मिळालं नाही, त्यांची आठवण तेवढीच.

म्हणजे बघा, इथला नंबर हे नाव आहे, मोजदाद नाही. 'यूएफसी ३००' म्हटलं म्हणजे बरोब्बर तीनशे कार्यक्रम झाले, असं समजायचं नाही. असे नंबर आपल्या आजूबाजूलाही सापडतील. गल्लीतली घरं मोजा आणि मग शेवटच्या घराचा नंबर वाचा. जमतो का मेळ?

जाता जाता एक सोपं कोडं: १५० ते १५२ या नंबरांचे कार्यक्रम प्रत्यक्षात किती झाले? आईबाबांना आधी विचारा. घाईघाईत 'तीन' म्हणाले, तर हा लेख त्यांच्या हातात द्या!