पाहुणा ग्रामसभेचा की योजनेचा?

झारखंडमधील हजारीबाग येथून २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियाना’चा प्रारंभ झाला. १७ मंत्रालयांच्या २५ उपक्रमांची मोट बांधणाऱ्या, ७९,१५६ कोटी रुपयांच्या या अभियानात घरे, रस्ते, वीज आणि आरोग्य यांच्या गर्दीत एक छोटे कलम आहे : ‘स्वदेश दर्शन’ योजनेखाली आदिवासी गावांत एक हजार होमस्टे. एका गावात पाच ते दहा घरे निवडायची. प्रत्येक कुटुंबाला दोन नव्या खोल्यांसाठी पाच लाखांपर्यंत, जुन्या खोल्यांच्या दुरुस्तीसाठी तीन लाखांपर्यंत आणि गावाच्या सामाईक गरजांसाठी पाच लाख रुपये द्यायचे, असे त्याचे स्वरूप. हजार कुटुंबांना नव्या खोल्यांचे पूर्ण पाच लाख दिले तरी ही रक्कम पन्नास कोटींची, आणि गावे शंभर ते दोनशे. तरीही हे कलम काळजीपूर्वक वाचले पाहिजे. सरकारी रस्ता वेशीपाशी थांबतो. पाहुणा उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत येतो.

बाहेरच्याने आदिवासी गावात जाऊन राहावे की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहायला गेले, ते चार दिवसांचे पाहुणे म्हणून नव्हे. बैगांवरील १९३९ च्या ग्रंथात एल्विन यांनी आदिवासींसाठी राखीव संरक्षित प्रदेशाची कल्पना मांडली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये तिचा प्रतिवाद केला. आदिवासी हे हिंदू समाजाचाच मागासलेला भाग असून त्यांचे समाजात मिसळणे इष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोन्ही पक्ष विद्वान होते, आणि दार उघडायचे की बंद ठेवायचे हे आपणच ठरवायचे, याविषयी दोघांनाही फारशी शंका नव्हती. आजच्या पर्यटन धोरणात हे दोन्ही वारसे एकत्र नांदतात. जाहिरातीतील आदिवासी अस्पर्शित असावा लागतो, आणि अनुदानाच्या खोलीला मात्र शहरी स्नानगृह लागते.

संमतीविना पाहण्याची परिसीमा अंदमानात दिसली. जारवांच्या रक्षणासाठी १९५६ चे विनियम होते, तरीही ट्रंक रोडवरून वाहनांचे ताफे जात राहिले. अन्नाच्या मोबदल्यात जारवा स्त्रियांना नाचवल्याची चित्रफीत जानेवारी २०१२ मध्ये जगासमोर आली, तेव्हा देशाला लाज वाटली. होमस्टे म्हणजे अर्थातच तो प्रकार नव्हे. येथे यजमान स्वतः दार उघडतो. परंतु त्याने ते स्वेच्छेने उघडले की उद्दिष्टपूर्तीसाठी त्याच्याकडून उघडून घेतले, हा प्रश्न उरतोच.

उत्तरे देशातच आहेत. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबकसारख्या गावांत हिमबिबट्या गोठ्यात शिरून मेंढ्या मारी आणि पशुपालक त्याचा सूड घेत. स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी या संस्थेने या शतकाच्या आरंभी तेथे गावकऱ्यांसह होमस्टे उभे केले. पाहुणे घरोघरी आळीपाळीने जातात, त्यामुळे पहिल्या घराची श्रीमंती शेवटच्या घराचे वैर होत नाही. उत्पन्नाचा एक हिस्सा गावाच्या संवर्धन निधीत जातो. पाहुण्यांची देखभाल बहुतांशी घरातील स्त्रिया करतात आणि पैसाही बराचसा त्यांच्याच हाती येतो. नागालँडमधील खोनोमा या अंगामी गावाने १९९८ मध्ये शिकारीवर बंदी घालून सुमारे २० चौरस किलोमीटर जंगल राखले. पाहुणे आले ते त्यानंतर, आणि गावाच्या नियमांखाली. दोन्हीकडे क्रम एकच : आधी गावाचा निर्णय, मग पर्यटक.

‘स्वयंसेवक प्रवासी’ या नव्या पाहुण्याचे माप याच काट्यावर घेतले पाहिजे. पंधरा दिवस राहून शाळेत इंग्रजी शिकवणारा किंवा भिंती रंगवणारा तरुण सद्भावनेने येतो, यात शंका नाही. पण दर पंधरवड्याला शिक्षक बदलणाऱ्या शाळेत मुले काय शिकतात, आणि भिंत रंगवण्याची मजुरी कोणाची बुडते? याउलट स्पितीत थंडीतही भाजी पिकावी म्हणून हरितगृहे बांधताना स्वयंसेवक विटा-माती वाहतात. तेथे काम गावाला हवे असते, कौशल्य स्थानिक गवंड्याचे असते आणि पाहुणा केवळ जादा हात असतो. काम कोणी सुचवले, एवढ्या एका प्रश्नाने सेवा आणि विरंगुळा वेगळे काढता येतात. मुलांशी संबंध येणार असेल तेथे पूर्वचौकशीही अपरिहार्य आहे.

कायदा या बाबतीत तोकडा नाही. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानतो. म्हणून या कलमाची अंमलबजावणी करताना चार अटी घालाव्यात. पहिली, ग्रामसभेच्या ठरावाविना कोणत्याही घराला मंजुरी नसावी, आणि तो ठराव पुढे मागे घेता यावा. दुसरी, पाहुण्यांची संख्या, शुल्क, छायाचित्रणाचे नियम आणि सण-सुतकाचे बंद दिवस गावाने ठरवावेत. तिसरी, आळीपाळी आणि गावनिधी हे अनुदानाचेच निकष असावेत. चौथी, मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असल्याची अट काटेकोरपणे पाळली जावी. एरवी आदिवासीच्या नावाचा फलक आणि बाहेरच्याचा गल्ला, ही जमिनींच्या व्यवहारांतून परिचित झालेली कथा खोल्यांच्या बाबतीतही घडेल.

ग्रामसभा म्हणजे आदर्श संस्था नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. अनेक ठिकाणी तेथे स्त्रियांचा आवाज क्षीण असतो आणि दोन-तीन वजनदार घरांचा शब्द चालतो. पण तिच्या जागी येणारा पर्याय जिल्हा कचेरीतील लाभार्थी यादी हा असतो, आणि त्या यादीत वजनदार घरे आधी येतात, हे प्रशासनात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला. ज्या सभा डोंगराविषयी निर्णय घेऊ शकतात, त्या दोन खोल्यांविषयीही घेऊ शकतील.

एक हजार हा आकडा गाठणे प्रशासनाला अवघड नाही. त्या हजारांत ‘आम्हाला पाहुणे नकोत’ असे म्हणणाऱ्या गावाचा ठराव पराभव म्हणून नोंदला जाणार नाही, एवढी शाश्वती मंत्रालयाने आधी द्यावी. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला आतिथ्य म्हणतात.